येमूल सरांकडून घेतलेला विषय

मंगळवारी सकाळी मेथी निवडत बसले होते तेव्हा फोन वाजला. पडद्यावर ‘येमूल सर’ असं नाव दिसलं आणि मला वाटलं, चुकून लागला असेल. त्या नंबरवरून चौदा महिन्यांत मला फोन आला नव्हता. पलीकडून अक्का बोलल्या. अक्का म्हणजे सरांच्या पत्नी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणतात. त्या रडत नव्हत्या. “शैला, गेले ते. पहाटे.” मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगून टाकलं. “यायचं असलं तर ये. पण ह्याच्यावर लिहायचं न्हाय.” आणि फोन ठेवला. आता हे तुमच्या हातात आहे म्हणजे मी लिहिलं आहे… ते कसं, तेही सांगणार आहे. पण आधी बाकीचं सांगायला हवं, नाहीतर अक्का असं का म्हणाल्या ते कळणार नाही.

मी जुळे सोलापुरातल्या माझ्या घरून रिक्षा करून गेले. शेजारच्या घरातले माग तासभर बंद ठेवले होते, त्यामुळे त्या गल्लीत मी पहिल्यांदाच माणसांचे साधे श्वास ऐकले. सर पुढच्या खोलीत होते. हनुवटी पांढऱ्या फडक्यानं बांधलेली, आणि कुणीतरी चष्मा तसाच ठेवलेला. एक म्हातारे गृहस्थ वाकून तो काढायला गेले तेव्हा अक्का म्हणाल्या, “राहू दे.” मी दाराशी उभी राहून हे सगळं बघत होते. चष्म्याच्या काचेवर बोटाचा ठसा होता, तोही मी बघितला. कुठंही गेलं की आधी उभं राहून बघायचं हे मला ज्या माणसानं शिकवलं, त्यालाच मी तसं बघत होते. रडू मला घरी आल्यावर आलं, आणि तेही फार वेळ टिकलं नाही.

व्यंकटेश येमूल हे नाव पुरवण्या वाचणाऱ्यांना आठवत असेल. तीस वर्षं ते लिहीत होते आणि एकाही वर्तमानपत्रात त्यांना नोकरी नव्हती. वडील मागावर टॉवेल विणायचे. घरात तेलुगू. मराठी ते नगरपालिकेच्या शाळेत शिकले, आणि पुढं एका छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता ती अशी कमावली, की मराठी घरात जन्मलेल्या आम्हा लोकांना लाज वाटावी. छापखाना बंद पडल्यावर ते लिहू लागले. एस. टी. स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसावर त्यांचा एक लेख होता. दिवसभर दुसऱ्यांना गाड्यांच्या वेळा सांगणारा तो माणूस आयुष्यात जिल्ह्याबाहेर गेला नव्हता. चादरीवरच्या मोराची नक्षी चौकटीच्या कागदावर काढणाऱ्या कारागिरावर एक होता. त्याला खरा मोर दाखवला तेव्हा तो म्हणाला होता, याची मान चुकलीय. असले विषय सरांना कुठून सापडतात, असं पुरवणीचे उपसंपादक एकमेकांना विचारायचे.

माझी त्यांची ओळख अशाच एका पुरवणीच्या कार्यालयातल्या बाकावर झाली. खासगी कंपनीतली टंकलेखनाची नोकरी सोडून मी नुकती लिहायला लागले होते. उपसंपादक जेवायला गेले होते आणि आम्ही दोघं लेख हातात धरून वाट बघत होतो. माझा लेख मोबाइलमुळे घरातला संवाद हरवला, असा काहीतरी होता. सरांनी हात पुढं केला. मी दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, घडी घातली, परत दिला आणि शांतपणे म्हणाले, “मेलेल्या विषयाला पावडर लावून आणलीस की.” बाकावर आणखी दोघं बसले होते. ते हसले. मी तो लेख दिलाच नाही. जिना उतरले तेव्हा सर खाली उभे होते. “शनिवारी घरी ये,” म्हणाले. “दहा विषय घेऊन ये.”

पुढची नऊ वर्षं मी शनिवारी दुपारी त्यांच्या घरी जात होते. दहा विषय कागदावर लिहून न्यायचे. ते एकेकावर बोट ठेवायचे. हा वाचलाय. हा पण वाचलाय. हा तू वाचलायस, तुला आठवत नाही एवढंच. हा चांगला आहे, पण तुझा नाही, तुला यातलं काही माहीत नाही. पहिल्या वर्षी दहाच्या दहा जायचे. रिकाम्या हातानं घरी पाठवताना ते कधी चांगला शब्द बोलले नाहीत. एकदा मी विचारलं की मी हे सोडून द्यावं का, तर म्हणाले, “सोड की. कुणाला कळणार पण नाही.” मी रिक्षात बसून रडले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. अक्का मधल्या बोळात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेल्या असायच्या. त्या उठून चहा करायच्या, कप ठेवायच्या, परत बसायच्या. नऊ वर्षांत मी त्यांच्याशी चहाखेरीज काय बोलले ते मला आठवत नाही.

सरांची एकच युक्ती होती, आणि ती त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितली. माणसाला तो काय करतो असं विचारलं की तो पाठ केलेलं सांगतो. त्याला विचारायचं, तू काय करायचं बंद केलंस? मग तो थांबतो. थांबला की विषय. मी नव्या पेठेतल्या एका शिंप्याला तसं विचारलं. तो बराच वेळ कात्रीकडं बघत राहिला आणि म्हणाला, “चोरखिसा. आता कुणी सांगत नाही.” धोतराच्या आतल्या बंडीला, विजारीच्या पट्ट्यामागं, सदऱ्याच्या काखेत शिवायचे ते खिसे. एक म्हातारी परकराला आतून खिसा शिवून घ्यायची आणि त्यात मेलेल्या मुलाचा दात ठेवायची. तो लेख छापून आला तेव्हा मला कितीतरी पत्रं आली. सर म्हणाले, “दात लेखात खाली घ्यायला पाहिजे होता. वर सांगून टाकलास.” ती त्यांची शाबासकी होती. मी ती कितीतरी दिवस पुरवून वापरली.

माझी आई तेव्हा माझ्याकडंच होती. तिचं माहेर करकंबचं. माझे वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण तिच्या डोक्यातून ते निघून गेलं होतं. रोज दुपारी ती इरकल नेसायची, पिशवीत दोन लुगडी आणि डाळ्यांची पुडी भरायची आणि फ्लॅटच्या दारात उभी राहायची. वडील येतील आणि तिला करकंबला नेतील म्हणून. मला विचारायची, “करकंबची गाडी लागली का गं?” मला या सगळ्याचा त्रास व्हायचा. मी आतल्या खोलीचं दार लोटून लिहायला बसायचे. एकदा सर आमच्याकडं जेवायला आले होते तेव्हा तिनं त्यांनाही विचारलं. सर लगेच म्हणाले, “लागलीय की मावशी. पण गर्दी लई हाय. पुढच्या गाडीनं जाऊ.” आई त्यांच्याशेजारी खुर्चीवर बसली आणि दोघं तासभर गाडीची वाट बघत बोलत राहिले. मला त्या दिवशी सरांबद्दल फार माया वाटली. हा माणूस वरून कडक आहे, आतून असा आहे, असं मी मैत्रिणीला सांगितलंसुद्धा.

तीन आठवड्यांनी पुरवणीत त्यांचा लेख आला. ‘करकंबची गाडी’. नाव बदललं होतं, वसाहत बदलली नव्हती. इरकल होती, डाळ्यांची पुडी होती, दाराच्या कडीला धरलेला हात होता. आणि मधेच एक ओळ होती. ‘मुलगी आतल्या खोलीत लिहीत बसलेली असते, तिला विषय सापडत नाही.’ खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, “तुमच्याच आई ना त्या?” पुण्याहून भावाचा फोन आला. तो मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. आई मात्र दारात उभीच होती.

शनिवार येईपर्यंत थांबणं मला जमलं नाही. मी त्या दिवशीच गेले. सर मुद्रितं बघत होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. माझ्या घरी जेवलात, माझ्या आईचा विश्वास घेतलात, असं बरंच. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता. थोडं कुतूहल होतं, बहुतेक माझ्या रागाबद्दल. “तू दोन वर्षं त्याच घरात होतीस,” म्हणाले. “रोज चार वाजता तुझ्या डोळ्यांसमोर होतं. तुला दिसलं नाही. मला एका दुपारीत दिसलं. विषय ज्याला दिसतो त्याचा.” मी म्हटलं, मग ती ओळ कशाला? ते म्हणाले, “ती ओळ काढली असती तर लेख खोटा झाला असता.” आणि पुन्हा मुद्रितांकडं वळले.

आई पाच महिन्यांनी गेली. नातेवाईक मला त्या लेखाचं कात्रण दाखवायचे, डोळे पुसायचे आणि म्हणायचे, किती छान लिहिलंय. लिहिलं छानच होतं. माझ्या आईवर मला तसं कधी लिहिता आलं नसतं, हे मला त्यांच्या क्रूरपणापेक्षा जास्त झोंबत होतं. तरी मी शनिवारी जायचं थांबवलं नाही. मला त्यांची गरज होती. माफ मी केलं नव्हतं, पण तसं बोलूनही दाखवलं नाही, आणि माझ्या मते तेच चांगलं चाललं होतं.

मग एका सकाळी नळावर दाढी करताना त्यांना झटका आला. उजवा हात गेला, आणि वाचा. दवाखान्यात आठ दिवस ते काहीच बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले, आणि ते सगळं तेलुगूत होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि आईची राहते. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून बरंच काही सांगितलं, मधे प्रश्नही विचारला असावा, कारण ते थांबले आणि वाट बघू लागले. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. अक्का म्हणाल्या, “मराठी गेली. येईल म्हणतोय डॉक्टर. मला न्हाय वाटत.” वाचताही येत नव्हतं. घरी आल्यावर सर रोज पेपर मांडीवर सरळ धरून बसायचे आणि अक्षरांवरून डावं बोट फिरवायचे, नक्षीवरून फिरवावं तसं. मला ओळखायचे. मी नेलेला दहा विषयांचा कागदही त्यांनी एकदा हातात घेतला. बराच वेळ धरला, मग उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि परत दिला.

त्या काळात मला तीन महिने विषय मिळाला नव्हता. सरांनी बोट ठेवून गाळल्याशिवाय मला निवडताच येत नव्हतं. संपादकांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून पुरवणीतली माझी जागा दुसऱ्या कुणाला देणार. मी शिंप्याकडं गेले, घड्याळवाल्याकडं गेले, बँकेत पासबुक छापायच्या यंत्रासमोर तास तास बसले. प्रत्येकाला विचारलं, काय बंद केलंत? प्रत्येकानं काहीतरी सांगितलं आणि सगळं मला आधी वाचल्यासारखं वाटलं. आणि एका शनिवारी सरांसमोर बसलेली असताना, ते पेपरवरून बोट फिरवत असताना, मला दिसलं. मराठी विसरलेला मराठी लेखक. माझ्या अंगावर काटा आला. तो दुःखाचा नव्हता. मी पहिल्यांदाच त्यांच्याआधी विषय बघितला होता.

मी विचारलं नाही. अक्कांना नाही, त्यांच्या मुलीला, रजनीलाही नाही. रजनी शाळेत शिक्षिका आहे, तिला विचारता आलं असतं. मला मनातल्या मनात उत्तर माहीत होतं आणि कुणी विचारलंच तर द्यायला सरांचंच वाक्य तयार होतं. लेखात मी सगळं लिहिलं. हनुवटीवरून ओघळणारी लाळ, सुटलेली नाडी, कोऱ्या कागदाकडं बघणारे डोळे. आई गेल्यापासून मनात धरून ठेवलेलं मी त्यात नेमकेपणानं उतरवलं, आणि वरून ते प्रेमासारखं दिसेल याची काळजी घेतली. लेख गाजला. माझी जागा राहिली, शिवाय दर आठवड्याचं सदर मिळालं. लोक सरांना बघायला घरी यायला लागले. त्यांच्यासमोर मोठ्यानं, सावकाश मराठी बोलून बघायचे, काही येतं का म्हणून.

एका साहित्य मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. तोही माझ्या लेखामुळे, आणि मीच प्रमुख वक्ता. सभागृह आमच्या जुळे सोलापुरातलं. सर, अक्का आणि रजनी रिक्षातून आले. व्यासपीठावर सरांना शाल पांघरली, हातात नारळ दिला. तो त्यांच्या डाव्या हातात मावेना, म्हणून तो मीच धरला. मी वीस मिनिटं बोलले. मग अध्यक्षांना काय सुचलं कुणास ठाऊक, त्यांनी माईक सरांपुढं धरला आणि म्हणाले, “सर, दोन शब्द. कोणत्याही भाषेत चालतील.” सरांनी माईककडं बघितलं, मग अक्कांकडं. “इंटिकि पोदां,” ते म्हणाले. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फाटला. अध्यक्षांनी अक्कांना विचारलं, काय म्हणतात? अक्का माईकमध्ये म्हणाल्या, “सगळ्यांचे आभार मानतात.” टाळ्या थांबेनात. मागच्या दोन ओळींत त्यांच्या पेठेतल्या बायका बसल्या होत्या, बिड्यांचं काम टाकून आलेल्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. मला वाटलं, बिचाऱ्यांना कार्यक्रमांची सवय नसेल.

टाळ्या चालू असताना सरांची विजार ओली झाली. शाल असल्यामुळे समोरच्यांना दिसलं नाही. मी शेजारी होते, मला दिसलं. रजनी धावत आली, तिनं शाल खाली ओढून घेतली. आणि मी… मी नारळ धरून उभी होते आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला, की लेखाचा शेवट हा असायला हवा होता.

त्यानंतर ते दार मला उघडलं नाही. “आई झोपलीय,” असं रजनी उंबऱ्यातून सांगायची. दोन-तीन वेळा गेले, मग थांबले. सदर चालू होतं. दर आठवड्याला काहीतरी लिहीत होते आणि छापूनही येत होतं.

सर गेल्यावर वर्तमानपत्रांत छोट्या-मोठ्या बातम्या आल्या. एकीत लिहिलं होतं की अखेरच्या सत्काराच्या वेळी त्यांनी मायबोलीतून सर्वांचे आभार मानले आणि उपस्थितांचे डोळे पाणावले. तेरावं झाल्यानंतर आठवड्यानं अक्कांचा पुन्हा फोन आला. “ये,” एवढंच म्हणाल्या. मी गेले तर त्यांनी त्या बातमीचं कात्रण पुढं केलं. रजनी शेजारी बसली होती.

“इंटिकि पोदां म्हणजे काय, माहीत हाय का तुला?” मी नाही म्हटलं. “घरी जाऊ या. माणूस तीनदा म्हणतोय घरी जाऊ या, आणि मी सांगितलं आभार मानतात. तुझ्या लोकांसमोर त्यांची शोभा नको म्हणून.” अक्कांनी कात्रण उलटं करून खाली ठेवलं. “मागं आमच्या बाया बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की. मी खोटं बोलले ते पण ऐकलं. आजतागायत कुणी मला काही बोललं न्हाय.”

मी म्हटलं, माझं चुकलं. ते वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. अक्कांनी हातानंच ते बाजूला सारलं. “तुझा लेख रजनीनं त्यांना वाचून दाखवला. तेलुगू करून. मीच सांगितलं वाच म्हणून. मला वाटलं, रडतील, न्हायतर शिव्या देतील, मग मी तुझ्या घरी येऊन तुला बोलेन. तर ‘बागुंदि’ म्हणाले. चांगला हाय. परत वाच म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाले, शेवटचा परिच्छेद जास्त झालाय.” रजनी खाली बघत होती. “मला तुझ्यापेक्षा त्यांचा राग आला. लई आला. आपल्या लाळेवर लिहिलेलं आणि ह्यांना परिच्छेद दिसतोय.”

मग त्यांनी रजनीला मूळ लेख काढायला लावला आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. ‘त्यांची पत्नी शेजारी बसून मूकपणे बिड्या वळत असते.’ “मूकपणे म्हणजे काय, मी रजनीला विचारलं,” अक्का म्हणाल्या. “ह्या घरात लग्नापास्नं त्यांनी मराठीच ठेवली. लिहायला बिघडते म्हणून तेलुगू नको. पोरीशी नको, माझ्याशी नको. पोरगी गल्लीतच शिकली. मला त्यांच्यासारखं येत न्हाय, मी चुकले की हसायचे. मग मी बोलणंच कमी केलं. आणि ते आजारी पडले आणि माझ्याशी बोलायला लागले. सकाळपास्नं संध्याकाळपर्यंत. त्यांच्या आईचं, शाळेचं, मागावरचं. तीस वर्षांत मला काय सांगितलं न्हवतं ते सगळं सांगितलं. मी पण सांगितलं. हसायचो की आमी. तू शनिवारी यायचीस तेव्हा गप बसायचो, तुला कळत न्हाय म्हणून, बरं दिसत न्हाय म्हणून.” त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. “ते म्हणाले होते, हिला तू दिसली न्हाईस.”

नऊ वर्षं आणि त्यानंतरचे ते महिने मी त्या घरात बसत होते. एका बाईला तिचा नवरा तीस वर्षांनी मिळाला होता, आणि मी तिच्या हातचा चहा पीत पीत त्याच्या हनुवटीवरची लाळ टिपून घेत होते. लाळ सगळ्यांनाच दिसली असती.

“आता लिही,” अक्का म्हणाल्या. “त्या दिवशी नको म्हटलं होतं. पण पेपरात ते आभारांचं असंच राहणार असलं तर नको. इंटिकि पोदां लिही. मी खोटं सांगितलं ते लिही. शालीखाली काय झालं ते पण लिही, त्यांना चाललं असतं. आणि तू काय केलंस ते लिही. गोड करू नको. रजनी मला वाचून दाखवणार हाय.” मी विचारलं, काही वगळायचं का? त्या म्हणाल्या, “मी सुखात होते ते लिही.” ते मी वर त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे. माझ्या शब्दांत मला ते लिहिता आलं नाही.

मी उठणार होते, पण अक्का आत चहा ठेवायला गेल्या म्हणून बसले. सरांचा पलंग खिडकीशी तसाच आहे, वरची चादर ताणून घातलेली. अक्कांनी मला आणि रजनीला कप दिले, स्वतःचा घेऊन पलंगाजवळच्या स्टुलावर बसल्या, आणि चादरीकडं बघत बोलायला लागल्या. तेलुगूत, नेहमीच्या आवाजात. रजनी हळूच म्हणाली, “रोज असतं, दुपारी. गल्लीतलं सगळं सांगते. ते होते तेव्हापासून.” मी ऐकत राहिले. ‘अशोक चौक’ एवढं कळलं, एकदा ‘रिक्षा’, एका बाईचं नाव दोनदा आलं. काहीतरी लग्नाचं असावं, नाहीतर भांडणाचं. अक्कांनी कुणाची तरी नक्कल केली, तोंडावर पदर धरून हसल्या, मग एकदम आवाज उतरला आणि त्या पलंगाच्या कडेवर हात ठेवून बराच वेळ काही सांगत राहिल्या. रजनीही हसली होती, आता डोळे पुसत होती. मी तिला विचारलं, काय सांगतायत? “असंच,” रजनी म्हणाली. अक्कांनी एकदा वळून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा सांगायला लागल्या. आवाज त्यांनी कमी केला नाही. मी समोर असताना तो कमी करायची त्यांना गरज नव्हती.